अक्काची नऊ रोपं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तसं आमच्या घरात काही लपत नाही – तीन खोल्या आणि वर गच्ची. तरी हे लपलं, कारण त्या आठवड्यात गच्चीवर मी एकटाच जात होतो.

अक्का माझी मोठी बहीण. दाजी गेल्यावर पिंपळनेरचं घर बंद करून ती आमच्याकडे जळगावला आली. सामानात दाजींच्या खणातलं एक पाकीट होतं – लॅव्हेंडरच्या बियांचं. कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून त्यांनी हौसेनं आणलेलं. मग आजारपण आलं आणि पाकीट फोडायचं राहिलं.

शेवटचे काही महिने दाजींना इन्सुलिन अक्काच टोचायची. एका सकाळी ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. तरी तेराव्याच्या दिवशी अक्कानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं – माझ्याकडून इन्सुलिनचा आकडा चुकला नसेल ना? मी ठाम ‘नाही’ म्हणालो होतो. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

तर त्या बिया. सब्ज्याएवढ्या. थंडी लागल्याशिवाय त्या उगवत नाहीत, आणि जळगावात थंडी आणायची कुठून? अक्कानं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून, डबीत घालून, फ्रिजमध्ये विरजणाशेजारी महिनाभर ठेवल्या. “अक्का, तुमच्या बियांना स्वेटर विणू का?” बायको चिडवायची. मग अर्धी रेती घातलेल्या मातीवर त्या नुसत्या पसरल्या. तीन आठवडे काहीच नाही. आणि एके दिवशी हिरवे ठिपके. त्यातली नऊ जगली. बोटभर झाल्यावर अक्का एखादं पान चुरडायची आणि बोटं माझ्या नाकाशी धरायची. कितीतरी दिवसांनी ती हसताना दिसत होती.

मार्चअखेरीस पुतणीच्या लग्नासाठी ती आठ दिवस पिंपळनेरला गेली. जाताना मला दम दिला – “तू पाईपवाला शे. तुले बठ्ठीकडे पानीच दिसस. मना कुंड्यास्ले हात लावू नको.” पाणी द्यायचंच झालं तर आधी बोट खुपसून बघायचं, माती आतपर्यंत कोरडी असेल तरच दोन चमचे. बस.

मी ठिबकच्या नळ्या विकतो, म्हणून मला सगळीकडे पाणीच दिसतं म्हणे. पाणी कसं द्यायचं हे लोकांना सांगण्यात माझं आयुष्य गेलं – आणि मला अक्का शिकवणार? ऊन तापू लागलं होतं. मी गच्चीवर नळी ओढली, प्रत्येक कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारी एक तोटी बसवली, टायमरवर वेळ लावून दिली, आणि चार दिवस वर फिरकलोही नाही. ती परत आल्यावर कौतुक करेल, असं वाटत होतं मला. खरंच वाटत होतं.

पाचव्या दिवशी गेलो. नऊच्या नऊ रोपं बुडाशी काळी पडून आडवी झालेली. मातीला कुजका वास.

इथवर ती चूकच होती. चूक मी सांगू शकलो असतो, नाही का? पण मी नळी काढली. गुंडाळून दुकानात नेऊन ठेवली. कुंड्या भर उन्हात सरकवल्या, म्हणजे माती सुकेल, रोपं वाळतील – उन्हानं गेली असं दिसेल. चार दिवस मी रोज वर जाऊन बघत होतो, नीट वाळतायत की नाही.

अक्का आली. थेट गच्चीवर गेली, मागोमाग मी. तिनं एक रोप उपटून मुळं बोटांत चोळली. खाली अजून काळी, मऊ. ऊन नव्हे, हे तिला लगेच कळलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मीच निंघतांना पानी जास्ती टाकं का रे, भाऊ?”

मी म्हणालो, “असेल.”

एवढंच. तिनं हातातलं रोप कुंडीत परत ठेवलं. मग म्हणाली, “मना हातले यशच नही. त्यास्ना टाइमले भी असंच व्हयनं व्हई.”

दाजींच्या इन्सुलिनबद्दल बोलत होती ती. तेराव्याला मी ठामपणे जे ‘नाही’ म्हणालो होतो, ते त्या एका ‘असेल’नं पुसून टाकलं. हे मला कळलं नाही, असं नाही. तिथेच कळलं. जिना उतरून मी चहा प्यायलो.

याला तीन वर्षं झाली. अक्का आता तुळशीलाही पाणी घालत नाही, तांब्या बायकोच्या हातात देते. परवा सुट्टीला आलेल्या आमच्या नातवाला ताप होता. औषधाची बाटली अक्काच्याच हातात होती. झाकणातली मापाची रेघ तिनं दोनदा उजेडात बघितली आणि मग बाटली बायकोकडे सरकवली – “तू दे वं माय.” मी समोरच बसलो होतो. पेपर वाचत.

कुंड्या अजून गच्चीवर आहेत, रिकाम्या. अक्का शेजारच्या खोलीत आहे.

पाणी मी सोडलं होतं – हे तिला सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे.