मायच्या वाट्याला आलेली वंशावळ

बिलोलीच्या पुढं आमचं गाव आहे. गावात आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे पत्र्याच्या प्रार्थनाघरात मावतील एवढी घरं. दर गुरुवारी बायकांची सभा असते आणि ती एकेकीच्या घरी फिरते. रीत अशी की जिच्या घरी सभा, तिनं शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, वाचायचा आणि चहा पाजायचा. चहा सगळ्यांना जमतो. वाचता येतं दोघी-तिघींनाच.

यावर बायकांनी फार पूर्वीच तोड काढली होती. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र सगळ्यांना तोंडपाठ. त्यामुळे सभा कुणाच्याही घरी असो, पुस्तक मांडीवर उघडायचं, डोळे पानावर ठेवायचे आणि तेच स्तोत्र म्हणायचं. आमच्या घरचं शास्त्र हातात घेतलं की आपोआप त्याच पानावर उघडतं. बाकीची पानं अजून कोरी करकरीत आहेत.

मग लातूरकडून नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले आणि त्यांच्यासोबत त्यांची बायको, आमच्या पाळकबाई. त्यांनी बरेच गुरुवार तेच स्तोत्र ऐकलं, आणि एकदा हसत म्हणाल्या, "बायांनो, मेंढरं आता पोटभर चरलीत. पुढं सरकू या."

ठरलं असं की नव्या कराराच्या पहिल्या पानापासून सुरुवात करायची. एका घरी वाचन जिथं थांबेल, तिथून पुढच्या घरानं उचलायचं. पहिली सभा कुणाकडं, असं विचारल्यावर मायनं लगेच हात वर केला. आमची म्हैस नुकतीच व्याली होती आणि दूध भरपूर होतं. वाचायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

पहिलं पान म्हणजे येशूची वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, असं ओळीमागून ओळी.

शेजारीच मोठीमाय राहते, म्हणजे मायची मोठी जाऊ. ती म्हणाली, "तुला कशाला ताप गं? पोरगी नांदेडला कॉलेजात हाय, तिला वाचू दे. तू आपला चहा कर."

मायला वाचता येत नाही हे मोठीमायला माहीत होतं, आणि मोठीमायला येत नाही हे मायला. माय म्हणाली, "सभा माझ्या घरी हाय, अक्का. मीच वाचीन."

मी सुट्टीला घरी आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मला शिकवताही येत असेल असं सगळेच धरून चालले. मला तशी खात्री नव्हती. ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करावी म्हणून मी स्तोत्राचंच पान काढलं. मायनं धडाधड वाचलं, पण ती बघत होती म्हशीकडं. मी ओळीवर तळहात ठेवला. तरी ती चालूच.

"माय, मी हात ठेवलाय त्याच्यावर."

"राहू दे की. मला कुठं अडून राहिलं?"

मग तिनंच उपाय सांगितला. मी वंशावळ फोनमध्ये म्हणून ठेवायची, ती ऐकून पाठ करील. मी म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सुरुवातीची नावं तिनं बिनचूक म्हटली. मधला माझा खोकलाही घेतला. आणि एका नावानंतर, तेवढ्याच भक्तिभावानं, "माय, म्हैस सुटली गं" असं म्हणाली.

आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पाठ नगं. पाठ केलं की एवढंच पान येईल. पुढच्या पानाला पुन्हा तुलाच फोन करू का? अक्षरच दाव."

तिच्या या बोलण्याचा मी नंतर खूप विचार केला. मायची प्रार्थना कधी अडली नव्हती. पण एवढ्या जाड पुस्तकातलं एकच पान तिच्या ओळखीचं होतं, आणि बाकी सगळं दुसऱ्यानं सांगितलं तेवढंच.

वंशावळीचा फायदा असा झाला की तिथं अंदाजानं काही म्हणता येत नाही. अशी नावं आमच्या तालुक्यात कुणाची नाहीत. एकेक अक्षर जोडतच जावं लागायचं. जोडता जोडता माय चिडायची, "याला तो झाला, त्याला हा झाला. ह्यायच्या बायका कुठं हायत? लेकरं काय झाडाला लागले का?" आणि एका दुपारी ती ओरडलीच, "अगं, इथं बाई हाय!" खरंच होती. मी ते पान किती वेळा घडाघडा वाचलं होतं, ती बाई मला दिसलीच नव्हती.

गुरुवारी घर बायकांनी भरलं. माय बोट ठेवून वाचू लागली. एक नाव, मग श्वास, मग दुसरं नाव. स्तोत्र संपायला लागतो तेवढा वेळ झाला आणि सवयीनं सगळ्या एका सुरात "आमेन!" म्हणून उठल्या. एकीनं तर कपही पुढं केला.

"बसा गं," माय म्हणाली, "अजून लई बाप्ये उरलेत."

सगळ्या पुन्हा बसल्या. त्या बाईचं नाव आलं तशी मायनं मान वर करून सांगितलं, "ही बाई हाय बरं का." झोपेला आलेल्या बायका ताठ झाल्या. "कुणाची गं?" "कुठली?" पाळकबाईंनी तिची हकीकत सांगितली आणि त्यावर एवढी चर्चा झाली की चहा दोनदा उतू गेला. माय पुन्हा वाचू लागली, पण अर्ध्यावर तिचा घसा सुकला.

"मी पुरं करू का?" पाळकबाईंनी विचारलं.

"नगं. आज इथवर," माय म्हणाली. "उरलेलं पुढच्या घरी."

पुढचं घर मोठीमायचं. ती एकदम गोड झाली. "वाच गं बाई, आता कुठं सुरात आलीस. थोडंच राहिलं असंल."

"तुम्हीच बघा की, अक्का," मायनं पुस्तक तिच्याकडं फिरवलं. मोठीमाय म्हणाली, "चहा निवून राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडला निघायची तयारी करत होते. मोठीमाय अंगणात आली. काखेत पिशवीत गुंडाळलेलं तिचं शास्त्र होतं.

"सहज आले," ती म्हणाली. मग मायकडं न बघता, "मला सगळं नगं. माझ्या वाटणीचंच दाव."

"अक्का, अक्षरं समद्यायच्या वाटणीला तेच असतेत."

मोठीमायनं जरा विचार केला आणि चष्मा काढून पदरानं पुसला.

"बरं, मग समदेच दाव. पण लवकर. गुरुवारी मला चहाबी करायचा हाय."

"बसा," माय म्हणाली.