सतरा आणि एक्केचाळीस

नववीत शाळा सुटलेल्या मला संगणकासमोर बसवलं ते चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी. एटापल्लीपलीकडच्या माझ्या गावाला चंद्रपूर म्हणजे परदेशच. त्यांचे उपकार डोक्यावर, आणि आज चुकलं की उद्या काढतील ही धास्ती पोटात.

सिकलसेलच्या पोरांच्या मेंदूचे फोटो नागपूरहून सीडीवर यायचे. या आजारात मेंदूची रक्तवाहिनी तुंबते, पोर लुळं पडतं. ते आधी ओळखायचं, म्हणून मॅडमचं संशोधन. नवीन नाव आलं की मी नवीन फोल्डर करायची. फोल्डरवर मात्र नाव नाही, नुसता आकडा. आत 'पहिली खेप', 'दुसरी खेप', त्यात फोटो. दोन खेपा शेजारी लावल्या की डाग वाढला का ते कळायचं.

सतरा नंबरची दुसरी खेप आलीच नाही. एक्केचाळीस नवीन आलं.

मग एक बाई पोराला कडेवर घेऊन तपासणीला आली. मी कागद पाहून म्हटलं, "एक्केचाळीस. पहिल्यांदाच आल्या ना जी?"

"काऊन वो बाई? मांगच्या साली तूच तं बिस्कुट देल्लं याले."

"पन नाव तं अलग हाय."

ती हळूच म्हणाली, "बदलोलं. मोठा गेला, मंग यालेबी तापानं धरलं. आता दगडाचं नाव ठेवलं. दगडाले कोन नेते?"

माझ्या भावाचंही असंच केलं होतं. तरी मला सुचलं नव्हतं.

मी जाऊन मॅडमना सांगितलं. "दोन्ही एकत्र कर," एवढंच त्या म्हणाल्या. एक्केचाळीसचे फोटो मी सतराच्या 'दुसरी खेप'मध्ये नेले. वेगळे होते तेव्हा दोघांनाही एकेक बारीक डाग, थांबून पाहू असे. शेजारी लावले, तर पहिल्यात तांदळाची कणी आणि दुसऱ्यात तुरीएवढा लाखोळीचा दाणा. मॅडम म्हणाल्या, दर महिन्याला रक्त द्यावं लागेल, नाहीतर पोर राहणार नाही.

जाताना त्या बाईनं विचारलं, "मशिनीत कोन्तं नाव लिवलं?"

"नाव नाई लिवत. आकडा."

"बरं केलं. इथी तं नाई सापडनार तो नेनाऱ्याले."

पावसाळ्यात नाल्यांना पूर आला, रस्ता तुटला, रक्ताच्या पाळ्या चुकल्या. पोळ्याच्या सुमारास निरोप आला, पोर गेलं. निरोपात दगडाचंच नाव होतं.

सतरामध्ये 'तिसरी खेप' मी आधीच करून ठेवली होती. रिकामा फोल्डर ठेवायचा नाही, हा मॅडमचा नियम. हा काढ, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मीही काढला नाही.