निव्वळ निवासी विभागातले ज्योतिष

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमध्ये डॉक्टरेट करत असताना मी एका मराठी दांपत्याच्या घरात खोली भाड्याने घेऊन राहत होते. काका अभियंते होते आणि कामानिमित्त आठवडाभर बाहेरगावी असत. काकू बैठकीच्या खोलीत पत्रिका पाहत. पुण्यात त्यांच्या दाराशी सकाळपासून माणसे बसून राहत. इथे त्यांना बसचे तिकीट मागण्यापुरतेच जर्मन येई. आसपासच्या गावांतून आपली माणसे सल्ल्याला येत, तेवढा वेळ त्या पुन्हा कोणीतरी असत. त्यामुळे बाउआम्टचे, म्हणजे नगरपालिकेच्या बांधकाम खात्याचे पत्र मी वाचून दाखवले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

आमची इमारत ‘निव्वळ निवासी’ विभागात होती. घरी बसून काम करण्यास तेथे हरकत नव्हती. हरकत होती ती ग्राहकांच्या वर्दळीला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली होती की, जिन्यात सतत परक्यांच्या चपला-बुटांची रांग असते. भविष्य खरे ठरते की नाही, हा प्रश्न पत्रात कुठेच नव्हता. माझ्या विज्ञानाच्या शिक्षणानुसार विचारण्याजोगा तोच एक प्रश्न होता. नियमाला मात्र दार, जिना आणि माणसांची ये-जा एवढेच दिसत होते.

मी त्या मुद्द्यांवरच उत्तर रचले: पाटी नाही, एका वेळी एकच व्यक्ती, तीही वेळ ठरवून, घराचा मुख्य उपयोग राहण्याचाच. खात्याने पाहणीसाठी शुक्रवारी अकराची वेळ दिली.

“शुक्रवारी अकराला? अगं, राहुकाळ आहे तो! बदलून घे.”

“काकू, सरकारी खातं आहे. त्यांना राहू कसा समजावू?”

“राहू कशाला सांगतेस? दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हण. दात कळतात त्यांना.”

पंचांग पाहून त्यांनीच गुरुवार सुचवला. त्या दिवशी गुरुपुष्य होते आणि गुरुवारी कचेऱ्याही उशिरापर्यंत चालू असत. खात्याने संध्याकाळची वेळ मान्य केली. मला वाटले, जमले.

एक गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नाही. जो योग काकूंना शुभ, तो सगळ्यांनाच शुभ. गुरुपुष्याला विचारलेला प्रश्न फळतो, त्या दिवशी वेळ ठरवण्याची गरज नाही, असे त्यांनीच वर्षानुवर्षे सर्वांना सांगितले होते. गुरुवारी कामावरून सुटल्यावर लोक थेट आमच्याकडे येऊ लागले. कोणी घर घेणार होते, कोणाच्या मुलीचे लग्न जमत नव्हते. मी दारातूनच त्यांना परत पाठवू लागले.

“शुभ दिवशी आलेल्याला परत पाठवायचं नाही,” काकू म्हणाल्या. “बसू दे त्यांना.”

अधिकारी ठरल्या वेळी आले. बूट ओलांडत वर चढले, दाटीवाटीने बसलेली माणसे त्यांनी पाहिली आणि सौम्य आवाजात मला विचारले, “तर मग, ही मंडळी कोण?”

मी मराठीत पुटपुटले, “काकू, पाहुणे आहेत म्हणू का?”

खोलीतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. मराठी सर्वांनाच कळत होते.

“पाहुणे?” काकू म्हणाल्या. “पाहुण्यांना मी चहा देते. ह्यांना उत्तरं देते. तसंच सांग त्यांना.”

मी शब्दशः भाषांतर केले.

“म्हणजे ग्राहकांची वर्दळ आहे, हे त्या मान्य करतात?” अधिकाऱ्यांनी विचारले. मी तेही काकूंना सांगितले.

“मान्य आहे म्हणावं,” काकू म्हणाल्या आणि पहिल्या दांपत्याची पत्रिका पुढे ओढली. अधिकारी बैठकीची खोली पाहून, टिपणे काढून निघून गेले.

निर्णय अपेक्षेप्रमाणेच लागला. घरी कोणालाही बोलवायचे नाही. दूरध्वनीवरून सल्ला देण्यास हरकत नाही. स्टेशनजवळच्या संमिश्र वस्तीत खोली घेता येईल, असेही खात्याने सुचवले होते. काकूंनी ते उडवून लावले. “दुकान मांडून बसणार नाही मी.”

“मग फोनवर पाहा,” मी म्हटले. “तारीख, वेळ आणि ठिकाण एवढ्यावर पत्रिका होते. माणूस समोर असण्याची तुमच्या शास्त्राला गरजच नाही.”

“माझ्या शास्त्राला काय लागतं ते तू मला शिकवू नकोस.”

युक्तिवाद बिनतोड होता, असे मला तेव्हा वाटले. काकू मात्र कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. फोन वाजे, त्या उचलत नसत.

एका दुपारी त्यांनी तो उचलला. म्युनिकहून कोणी मुलगी बोलत होती. काकूंनी जन्मवेळ विचारली, जन्मगाव विचारले, कागदावर चौकट आखली, राशींचे आकडे भरत गेल्या. मध्येच पेन थांबले.

“ते ग्रहांचं राहू दे,” त्या म्हणाल्या. “आवाज असा का येतोय तुझा? जेवलीस का?”

काकूंनी खुर्ची फोनजवळ ओढून घेतली आणि त्या तिच्या उत्तराची वाट पाहत बसल्या.