चोवीस बायकांचा कोरस

अस्तर चांगलं असेल तर ते कुणाला दिसत नाही, आणि वाईट असेल तर कोट घालणारा दिवसभर खांदे उडवत बसतो. आत्याला थिएटरात ‘अस्तर’ म्हणायचे ते यासाठीच. नाव कोरस बसवणाऱ्या मास्तरांनी ठेवलेलं. त्या कोरसमध्ये तिने एकतीस वर्षं दुसऱ्या ओळीत उभं राहून गायलं, आणि एवढ्या काळात तिचा आवाज एकदाही कुणाला वेगळा ऐकू आला नाही. याचा तिला केवढा अभिमान. शेजारणीचा सूर जरा उतरला की ही आपला सूर हळूच त्याच्याखाली सरकवणार, कुणाचा श्वास तुटला की तेवढी जागा भरून काढणार. पुढे थिएटरवाल्यांनी कोरस मोडीत काढला आणि रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायला सुरुवात केली. चोवीस बायका पांगल्या. काही गाव सोडून गेल्या, बऱ्याच जणी जगातूनच गेल्या. आत्या आपल्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसून शिलाई मशीनच्या घरघरीखाली सूर लावू लागली. सवय कुठे जाते.

तिचा भाचा ड्रम वाजवायचा. लहानपणी तो हिचेच बटणांचे डबे बडवून शिकला, त्यामुळे तिला तक्रार करायला तोंड नव्हतं. त्याचा बँड हेवी मेटल वाजवणाऱ्यांचा, पण मागे व्हायोलिनं, कोरस असा सगळा थाट हवा असणाऱ्यांचा. पाच जण, पाचही काळ्या कपड्यांत, जणू एकाच घरच्या मयताला निघालेत. त्यातला एक माइकसमोर असा गुरगुरायचा की ऐकणाऱ्याने दाराला कडी लावावी. एरवी मात्र पोरं इतकी गुणी की जिन्यात आत्या दिसली आणि तिच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली नाही, असं कधी झालं नाही.

त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा त्यातला कोरस कीबोर्डवर वाजवलेला होता. एका समीक्षकाने लिहिलं, की दुःखी झालेला फ्रीज असाच आवाज करत असावा. कीबोर्डवाला दोन दिवस जेवला नाही.

आता दुसरा अल्बम चालू होता. त्यातलं मुख्य गाणं अकरा मिनिटांचं. धरणाखाली बुडालेलं गाव, आणि पाण्याच्या तळातून हाका मारणाऱ्या तिथल्या बायका. त्या हाकांसाठी खराखुरा कोरस हवा होता. शहरातल्या दोन कोरसमंडळींनी मेटल हा शब्द ऐकूनच नाक मुरडलं होतं. स्टुडिओ म्हणजे बंद पडलेला बर्फाचा कारखाना. शनिवारी संध्याकाळी त्याच्या किल्ल्या परत द्यायच्या होत्या, कारण सोमवारी इमारत पाडायला माणसं येणार होती. तोवर कोरस झाला नाही तर गाणं गाळायचं असं ठरलं, आणि ते गाणं गाळलं तर अल्बममध्ये राम उरणार नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

भिंतींवरून आवाज परत येतो म्हणून भाच्याने आत्याला जाड पडदे शिवायला बोलावलं. बुधवारी ती स्टुलावर उभी राहून हुक अडकवत होती आणि खाली बँडचा सराव चालला होता. ती सवयीने त्यात गुणगुणली. कीबोर्डवाल्याचे हात थांबले.

“आत्या, आत्ता काय म्हणालात ते परत म्हणता?”

“मी कुठे काय म्हटलं? रिकामं वाटलं तिथे भरत होते.”

एका तासात बेत ठरला. एकट्या आत्याने तेच गाणं चोवीस वेळा गायचं आणि ते थरांवर थर ठेवायचं, झाला कोरस. आत्याने हेडफोन चढवला आणि संध्याकाळपर्यंत चौदा वेळा गायली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. रेकॉर्डिस्ट, म्हणजे केसांत कायम पेन्सिल खोचलेली एक तरुण बाई, तिने चौदाही एकत्र लावले. सगळे ऐकत बसले. चौदा बायका कुठेच नव्हत्या. एकच बाई होती, चांगली जाडजूड.

“तुम्हाला हेडफोनमध्ये आधीचा आवाज येतो,” रेकॉर्डिस्ट म्हणाली, “आणि तुम्ही बरोबर त्याच्यात मिसळून जाता. इतकं बेमालूम कुणी गायलेलं मी ऐकलं नाही. पण इथे तेच नकोय.”

आत्याला तोंडात मारल्यासारखं झालं. जन्मभर जे नीट केलं तेच नको म्हणतात. भाचा म्हणाला, “जाऊ दे आत्या, दमली असशील.” ही त्याची माया होती, पण तिला ती जास्तच लागली. मापाची टेप पिशवीत टाकून ती निघून गेली.

गुरुवारी दुकानात तिचं लक्ष लागेना. एका पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड कापला गेला तेव्हा तिने कात्री खाली ठेवली. चौदा चांगले आवाज एकत्र केले आणि कोरस झाला नाही. मग थिएटरात काय होतं? होती ‘शिट्टी’, जिच्या दातांतून वारा सुटायचा. होती ‘घाई’, जिला दुसऱ्याची ओळ संपेपर्यंत दम नसायचा. बारमाही ‘सर्दी’ होती. आणि दोघी जावा, ज्या एकमेकींशी बोलायच्या नाहीत पण आवाज चढवायच्या एकमेकींवरच. तो कोरस या खोडींचाच होता. एकतीस वर्षं त्यांच्याखाली उभं राहून प्रत्येक खोड आत्याला तोंडपाठ झाली होती. तिने खाकी कागद ओढला आणि नावं लिहायला घेतली. लिहिता लिहिता डोळे भरून आले, नाक पुसलं, पुढचं लिहिलं.

शुक्रवारी सकाळी ती कागद घेऊन हजर. शिंप्याच्या खडूने तिने जमिनीवर ओळी आखल्या, कोण कुठे उभी राहायची त्या खुणा केल्या. मग एकेका खुणेवर उभी राहून एकेक बाई गायली. सर्दीच्या वेळी नाकातून गायली, घाईच्या वेळी टाच अधीरपणे आपटली. जावांच्या वेळी दोन खुणांमध्ये तिने जास्त अंतर सोडलं, आणि त्याचं कारण कुणी विचारलं नाही. काही बायका तीन तीनदा गायल्या. कोण किती झाल्या हे मोजणं रेकॉर्डिस्टने केव्हाच सोडून दिलं होतं. शनिवारी दुपारी सगळ्या एकत्र लावल्या.

पाण्याखालून हाका आल्या. पुष्कळ बायकांच्या, म्हाताऱ्या, तरण्या, भांडकुदळ, प्रेमळ. गुरगुरणारा पोरगा खाली मान घालून बसला. भाच्याने एकदम वर पाहिलं.

“ही शिट्टीकाकू ना? मला विंगेत गोळ्या द्यायची ती?”

आत्याने मान डोलावली. तिचा जीव भांड्यात पडला होता. पोराला ओळखू आली म्हणजे बाई खरंच येऊन गेली.

अल्बम निघण्याआधी तिने अट घातली, की कव्हरवर तिचं खरं नाव नको. कोरस म्हणून खाकी कागदावरची सगळी टोपणनावं छापून आली. पहिली प्रत घेऊन ती ‘मागची’कडे गेली. मागची म्हणजे कोरसमध्ये कायम अर्धी मात्रा उशिरा येणारी, आत्याची सगळ्यात जवळची मैत्रीण. आत्याखेरीज चोविसांतली गावात उरलेली तीच. वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर तिची खोली होती, खिडकीत स्वेटर वाळत घातलेला. ऐकू कमी यायचं म्हणून तिने स्पीकर मांडीवर घेऊन त्यावर तळवा ठेवला.

“हा पोरगा कशाचा राग काढतोय?” ड्रम सुरू झाल्यावर ती म्हणाली.

“भाचा आहे माझा.”

“बरं वाजवतो.”

मग कोरस आला. मागचीचा तळवा जागच्या जागी थांबला. “घाई,” ती पुटपुटली. “सर्दी. या जावा, मेल्या अजून भांडतायत.” मग स्वतःचा उशीर ऐकून तिला इतकं हसू आलं की खोकला लागला. तिने गाणं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी ती हसली नाही. कपाळाला आठी घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“तू कुठे आहेस यात?”

आत्याने कव्हर उघडून नावं मोजली. तेवीस. परत मोजली. तेवीसच. स्वतःचं ‘अस्तर’ त्या कागदावर लिहायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“राहिलंच की गं.”

“तरीच,” मागची म्हणाली. “मघापासून मला माझ्याखाली कुणी लागेना. पडेन की काय असं वाटतंय. लाव परत, आणि गा.”

“इथे? शेजारचे काय म्हणतील?”

“शेजारच्यांना माझ्याहून कमी ऐकू येतं.”

आत्याने गाणं तिसऱ्यांदा लावलं आणि मैत्रिणीच्या पलंगाशेजारी, डाव्या हाताला, आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. कोरस आला तशी ती आपल्या आवाजात गायला लागली. आणि अर्ध्या मात्रेनंतर मागचीसुद्धा.