विद्यापीठात पहिला, टाकीजवळ नवा

गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, 'पहिला' म्हणत. विद्यापीठात रसायनशास्त्रात पहिला आल्याची ही बक्षिसी. शेजारच्या काकूंचा मिक्सर बिघडला तरी बोलावणं त्यालाच. आई दारात उभी राहून सांगे, विचारा विचारा, त्याला सगळं येतं. त्यामुळे 'मला येत नाही' म्हणायची सोयच उरली नव्हती.

रंगाच्या कारखान्यातली नोकरीही मार्कांवरच मिळाली. काम होतं गिऱ्हाइकाच्या नमुन्याबरहुकूम रंग जुळवायचं. प्रयोगशाळेच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, अडलं तर विचार. त्याने मान अशी हलवली, की अडणं हा प्रकार त्याने फक्त ऐकलेला असावा.

मग एका दवाखान्याच्या भिंतींसाठी फिका हिरवा आला. पठ्ठ्याने रंग घोटला, पुठ्ठ्यावर फासला, नमुन्याशेजारी धरला. अगदी जुळी भावंडं. टाकीभर बनवायला सांगून तो मोकळा झाला. जेवून येतो तर पुठ्ठ्यावरचा हिरवा चांगलाच काळवंडलेला. हा रंग वाळला की गडद होतो, हे कुठल्या पेपरात आलंच नव्हतं.

टाकी सांभाळणारे काका पुठ्ठा निरखत म्हणाले, "साहेब, पेशंट काय जंगलात झोपवायचेत?" आणि मॅडमना बोलवायला गेले.

नोकरी गेली हे त्याने धरूनच टाकलं. आईला काय सांगायचं, गल्लीतून कुठल्या तोंडाने जायचं, याची जुळवाजुळव सुरू झाली.

मॅडम आल्या. वाळलेल्या रंगावरून बोट फिरवून म्हणाल्या, माहीत नव्हतं तर विचारलं का नाहीस.

"मॅडम, विद्यापीठात पहिला आलेल्याने कसं विचारायचं?"

"तू पहिला होतास?" मॅडमनी काकांकडे बघितलं. "मला वाटलं, तिसरा-चौथा असशील. अरे, अर्ज येतात ढिगाने. सगळ्यांना बोलवत बसलो तर कारखाना बंद ठेवावा लागेल. म्हणून मार्कांची चाळणी. एकदा चाळून झालं की चाळणी कोण हातात घेऊन फिरतं? पुढचं आम्ही शिकवतो. तू फक्त विचारायचं."

तिसरा-चौथा म्हटल्यावर आधी त्याला चांगलंच झोंबलं. मग लक्षात आलं, की इथे त्याचा नंबर कुणाच्या खिजगणतीतही नाही. आणि छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलावा तसं झालं.

मॅडमनी टाकीत पांढरा ओतायला लावला. हिरवा ताळ्यावर आला, वर चार डबे माल वाढला. नोकरीचा विषयसुद्धा कुणी काढला नाही.

पहिला मात्र सुटलाच. वाळायला किती वेळ लागतो, पंख्याखाली धरला तर चालतो का, रोलरने मारला तर वेगळा दिसतो का, पांढरा किती ओतायचा हे कसं कळतं. शेवटी काकांनी हातातली पळी खाली ठेवली.

"पोरा, जरा दम घे."

त्याने घेतला. पुढचा प्रश्न तयारच होता.