भुसातज्ज्ञ महागू

नाव : महागू मेश्राम. वय : चौतीस. राहणार : खैरलांजी, जिल्हा बालाघाट. पूर्वीचा हुद्दा : रडार ऑपरेटर, हवाई दल. विशेष योग्यता : भुसा ओळखण्यात निपुण.

शेवटची ओळ १९७३ साली रोजगार कचेरीतल्या दुलीचंदबाबूंनी लिहिली. महागूचा हवाई दलाचा दाखला इंग्रजीत होता, कचेरीचं कार्ड हिंदीत. दाखल्यात ‘चॅफ’ असा शब्द आला. बाबूंनी डिक्शनरी उघडली आणि पहिलाच अर्थ उचलला.

महागूला पोलिसांच्या वायरलेसमध्ये जागा हवी होती. नाव याच कार्डावरून जाणार होतं, मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी तो चौथ्यांदा खिडकीपुढे उभा राहिला.

“बाबूजी, हा भुसा जनावराचा नाही.”

“मंग कोनाचा?”

“विमानाचा.”

दुलीचंदबाबूंनी चष्मा काढला. “विमान भुसा खाते?”

“खात नाही, फेकते. सिगारेटच्या पाकिटात चमकता कागद असते ना, तशा बारीक पट्ट्या. रडार लहर सोडते. विमानावर आपटून ते वापस आली का पडद्यावर ठिपका दिसते. पट्टी त्या लहरीच्या निम्म्या लांबीची कापली, तर तिचाबी तसाच ठिपका. हजारो फेकल्या का पडदा भरून जाते. विमान कोनतं, समजत नाही.”

“तुले समजे?”

“हौ. पट्ट्या हवेसंगं वाहतात. विमान आपल्या रस्त्यानं जाते. खळ्यावर माय उपनते, तसं. दाना इकडे, भुसा तिकडे.”

“मंग मी काय लिहिलं?” बाबू म्हणाले.

मागे रांगेत ओरडा सुरू झाला. दुश्मन आपल्याच लहरीवर गोंगाट सोडू लागला की लहर बदलायची, हे महागूला हवाई दलानं नऊ वर्षं शिकवलं होतं. त्यानं मराठी सोडून हिंदी धरली. बाबूंवर परिणाम झाला नाही. त्यांनी खिडकी लावली. जेवणाची सुट्टी झाली होती.

शनिवार गेला. वायरलेसमध्ये दुसराच कोणी लागला. दोन महिन्यांनी महागूला पत्र आलं : ‘आपली विशेष योग्यता लक्षात घेऊन’ सरकारी चारा गोदामावर रखवालदार म्हणून नेमणूक.

“सरकारी आहे, जाय,” त्याची माय मैनाबाई म्हणाली. “भुसा तं तुले समजतेच.”

तो गेला. गोदामात धानाचं तणस होतं, नुसता पेंढा. भुसा नव्हता.