व्याह्याच्या नाकाला नाक

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या या नाकाने माझ्याच पोरीचं लग्न मोडायला घेतलं होतं! हसू नका. चहा घ्या आणि ऐका.

आमची पूर्णा गावातली भातशेती गोदामवाल्यांनी घेतली, त्या दिवसांतली गोष्ट. हातात पैसा आला तशा कोणी गाड्या घेतल्या, कोणी बंगले बांधले. मी काय केलं? न्यूझीलंडला गेलो! टूरवाल्यांबरोबर, दहा दिवस. बाकीचे मेंढ्यांचे फोटो काढत होते, मी मात्र तिथल्या माणसांच्या प्रेमात पडलो.

तिथले मूळचे लोक माओरी, आणि गोरे बाहेरून येऊन वसलेले. आमचा गाईडच बघा. आजोबा स्कॉटलंडचे, आजी माओरी. डोळे निळे, गळ्यात हिरव्या दगडाचा ताईत, बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं माओरी. जेवण काय, तर जमिनीत खड्डा खणून तापल्या दगडांवर मांस आणि रताळी पुरून शिजवलेली. अहो, आपण शेतात मडक्यात शेंगा भाजतो, त्या पोपटीची चुलत बहीणच ती! आणि भेटले की नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावायचं. दोघांचा श्वास एक होतो आणि पाहुणा घरचा होतो. मला हे एवढं आवडलं की मी त्या गाईडला दिवसातून तीनदा नव्याने भेटायचो.

परत आल्यावर महिनाभर माझं तेच पारायण. शेवटी माझी बायको सुमन वैतागली.

"शेजारचे रशीदभाई आजमगडचे, पण भांडतात आपल्या पूर्णेच्या बोलीत. ते बघायला इमानात बसावं लागत न्हाय!"

त्यातच आमच्या लेकीसाठी, मनीषासाठी, अंबाडी गावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, आणि मनीषा त्याचा फोटो दिवसातून दहा वेळा बघत होती. मुलाच्या वडिलांची, दामूशेठची, अट एकच. घर निर्व्यसनी हवं. सुमनने छातीठोकपणे निरोप धाडला, "आमच्याकडं थेंब न्हाय."

खरंच होतं ते. येताना विमानतळावर घेतलेली एक बाटली सोडून. ती मी तांदळाच्या पिंपामागे ठेवली होती. आठवण म्हणून हो!

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी दहा वेळा दारात जाऊन रस्ता बघून आलो. एकुलती एक पोर! म्हटलं, धीर यायला दोन घोट घ्यावेत. दोनाचे चार झाले. मग मूठभर बडीशेप आणि सहा वेलच्या चघळून दारात उभा राहिलो.

दामूशेठ गाडीतून उतरले, हात जोडून पुढे आले, आणि माझं मन भरून आलं. हा माणूस उद्या आपला व्याही होणार! नुसता नमस्कार कसा पुरेल? मी त्यांचे दोन्ही खांदे धरले, नाकाला नाक लावलं आणि चांगला दीर्घ श्वास घेतला.

"ओ, काय करताय?" दामूशेठ मागे सरकले. "माझ्या तोंडाचा वास घेताय?"

"न्हाय, न्हाय! ही पद्धत हाय!"

"कसली पद्धत? पावण्यानं पिलीय का ते बघायची? पंचवीस वर्सं शिवलो न्हाय मी दारूला!"

मुलाचा मामा मागून ओरडला, "दाजी, चला! ही माणसं दारातच झडती घेतात!"

"अहो, न्यूझीलंडला माओरी लोक असंच करतात!"

"करत असतील. आम्ही अंबाडीची माणसं!"

मामाने गाडीचं दार उघडलं. सुमनने पदर तोंडाला लावला. खिडकीत मनीषा रडवेली झाली. तिचा चेहरा बघून मी गाडीला आडवा झालो.

"दामूशेठ, यात वास घेत न्हाईत! श्वास एक करतात. तुमचा माझ्यात, माझा तुमच्यात!"

दामूशेठ थांबले. डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. मग पुढे आले आणि आपणहून माझ्या नाकाला नाक लावलं. मला वाटलं, जिंकलो!

"आला," ते म्हणाले. "तुमचा श्वास माझ्यात आला. वेलची चांगली हाय. पण सकाळी अकराला कुठली मारलीत?"

मी कान धरले आणि सगळं कबूल केलं. सुमन आत गेली, पिंपामागून बाटली काढली आणि सगळ्यांसमोर मोरीत ओतली. म्हणजे हिला जागा आधीपासून माहीत होती! माझा तो चेहरा बघून खिडकीत मनीषा फस्सकन हसली. तिला बघून गाडीपाशी उभा असलेला मुलगा हसला. मग दोघांना हसू आवरेना.

दामूशेठ आधी पोरांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले.

"यांचं जमलंय, आता आपण कशाला मोडायचं? पण व्याही, तुमची ही पद्धत लई कामाची हाय. मी घेतली!"

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात दामूशेठ स्वतः उभे! येणाऱ्या प्रत्येक बाप्याच्या नाकाला नाक, मगच आत सोडायचे. माझी अर्धी भावकी अक्षता पडेपर्यंत रस्त्यावरच होती. रांगेत पहिला नंबर कोणाचा, ते विचारू नका. संशय नको म्हणून त्या दिवशी मी वेलचीसुद्धा खाल्ली नव्हती.

आता अंबाडीला लेकीकडे गेलो की माझी चार वर्षांची नात धावत येते. गळ्यात पडते, नाकाला नाक लावते. इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! डोळे भरून येतात माझे.

मग ती वळते आणि घरातल्या दामूशेठना ओरडून सांगते, "आजोबा, पूर्णेचे आबा पास!"